लेझर काचबिंदूचा, काळजी बुबुळाची

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांना मोतीबिंदू नवा नाही. नजर धूसर झाली, शिबिरात नाव दिलं, शस्त्रक्रिया झाली आणि काळा चष्मा लावून घरातलं म्हातारं माणूस ओटीवर येऊन बसलं, हे बहुतेक घरांनी पाहिलेलं असतं. मोतीबिंदूने गेलेली नजर परत मिळते, म्हणून त्याची भीतीही फारशी उरलेली नाही. काचबिंदूचं तसं नाही. त्यात डोळ्यामागची नस सुकत जाते आणि सुकलेली नस कोणत्याही औषधाने, शस्त्रक्रियेने किंवा लेझरने पुन्हा जिवंत होत नाही. जी नजर उरली आहे ती राखायची, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं.

ती राखण्याच्या उपायांपैकी लेझर सगळ्यात सुटसुटीत. टाका नाही, पट्टी नाही, काही मिनिटांचं काम. रुग्ण त्याच दिवशी एसटीने घरी. पण डोळ्याच्या आत पोहोचायला लेझरच्या किरणाला बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक काचेतून, म्हणजे कॉर्नियातून, जावंच लागतं. त्या काचेचं काय होतं? बहुतेकांच्या बाबतीत काहीच होत नाही. थोड्यांना थोडे दिवस त्रास होतो. आणि अगदी मोजक्या रुग्णांमध्ये, लेझर केल्याचं विसरूनही गेल्यावर, काही वर्षांनी ती काच पाण्याने फुगते. हे प्रकरण त्या मोजक्यांसाठी आहे. त्यांचा त्रास बराचसा टाळता येतो आणि वेळेत ओळखता येतो; मात्र दवाखान्यापासून जो जितका दूर, त्याच्या तो तितका उशिरा लक्षात येतो.

कोन बंद होतो तेव्हा

डोळ्याच्या आत एक पातळ द्रव सतत तयार होत असतो. त्याला नेत्रजल म्हणतात; अश्रूंशी त्याचा संबंध नाही. बुबुळाचा जो रंगीत पडदा आपल्याला दिसतो, तो म्हणजे आयरिस. नेत्रजल आयरिसच्या मागे पाझरतं, बाहुलीतून पुढे येतं आणि आयरिस व कॉर्निया जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून रक्तात निघून जातं. येणं आणि जाणं सारखं असलं की डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा राहतो. जाणं अडलं की दाब चढतो आणि नसेवर ताण येतो.

हे अडणं दोन तऱ्हांनी होतं. पहिल्या तऱ्हेत कोन उघडा असतो, पण जाळीच नीट काम करत नाही. दाब हळूहळू चढतो, दुखत काहीच नाही, आणि कडेची नजर कमी होत होत माणूस एक दिवस दाराच्या चौकटीला धडकतो. दुसऱ्या तऱ्हेत कोनच अरुंद असतो. डोळा आखूड, पुढची पोकळी उथळ, आणि वयाबरोबर जाड होत गेलेलं भिंग आयरिसला पुढे रेटतं. बाहुलीतून पुढे येणारं नेत्रजल अडतं, मागे साचतं, आयरिस फुगून जाळीवर टेकते आणि वाट बंद होते. अशा डोळ्यांचं प्रमाण युरोपपेक्षा आशियात जास्त आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि चाळिशीनंतर वाढत जाणारं.

ही वाट एकाएकी बंद झाली तर अटॅक येतो. दाब ४०-५०च्या वर जातो, डोळा लाल होतो, डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. उलट्या पाहून घरचे पित्त म्हणतात, अर्धं डोकं धरलंय म्हणून कोणी अर्धशिशी म्हणतं, आणि डोळ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. संध्याकाळच्या अंधारात बाहुली मोठी होते तेव्हा, किंवा सर्दीच्या आणि पोटातल्या कळांवरच्या काही गोळ्यांनीही, अरुंद कोनाच्या डोळ्यात असा अटॅक येऊ शकतो. एका बाजूचं डोकं दुखतंय, त्याच बाजूचा डोळा लाल आहे आणि दिसायला कमी झालंय, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तो डोळ्याचा तातडीचा आजार समजावा. उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते.

दिव्याभोवतीची ती रंगीत कडी कॉर्नियातून येतात. चढलेल्या दाबाने नेत्रजल काचेत शिरतं, काच सुजते आणि सुजलेल्या काचेतून प्रकाश फाकतो. म्हणजे काचबिंदूच्या या प्रकारात कॉर्नियाला पहिला मार लेझरच्या कितीतरी आधी, आजारानेच बसलेला असतो. पुढे हे फार उपयोगी पडणार आहे.

कात्रीपासून लेझरपर्यंत

बंद वाटेवरचा उपाय सापडला तो १८५७ साली. बर्लिनचे नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी आयरिसचा एक छोटा तुकडा कापून काढला की अटॅक उतरतो असं दाखवून दिलं. तोवर असा डोळा आंधळा होणार हे ठरलेलंच असे. आयरिसला छिद्र पडलं की मागचं नेत्रजल बाहुलीची वाट न पाहता थेट पुढे येतं आणि कोनावरची आयरिस मागे सरते. शंभरहून जास्त वर्षं हे काम कात्रीने होत राहिलं.

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर पेटवला आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी तो फार लवकर आपलासा केला, कारण शरीरात प्रकाश थेट आत जाऊ शकतो असा अवयव हाच. १९७०च्या दशकात आर्गन लेझरने आयरिसला छिद्र पाडता येऊ लागलं. आर्गन जाळतो, म्हणजे उष्णतेने काम करतो. १९८०च्या दशकात यॅग लेझर आला. तो जाळत नाही, अतिसूक्ष्म स्फोट करून ऊती फोडतो, आणि त्याला एकूण ऊर्जा पुष्कळ कमी लागते. आज आपल्याकडे आयरिसला छिद्र पाडायला प्रामुख्याने यॅग वापरतात. छिद्र मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढं; वरच्या पापणीखाली असलं तर आरशातही दिसत नाही.

उघड्या कोनाच्या काचबिंदूसाठी लेझर वेगळा. १९७९ साली वाइज आणि विटर या दोघांनी जाळीवरच आर्गन लेझरचे ठिपके मारून दाब उतरवून दाखवला. पुढे मार्क लॅटिना यांनी त्याच कामासाठी सौम्य लेझर तयार केला. त्याला एसएलटी म्हणतात. त्यात जाळीतल्या रंगद्रव्याच्या पेशींनाच काय तो झटका बसतो. ब्रिटनमधल्या ७१८ रुग्णांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आधी एसएलटी केलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही दाबाचे थेंब लागत नव्हते. दर महिन्याला औषधाची बाटली आणायला तालुक्याला जाणं ज्याला अवघड, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

तेव्हा ‘काचबिंदूचा लेझर झालाय’ एवढं सांगून भागत नाही. छिद्राचा की जाळीचा, हे कळायला हवं, कारण कॉर्नियाला असलेला धोका दोन्हींत सारखा नाही.

पेशींचा एकच थर

कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती पारदर्शक. बाहेरून तिला अश्रू भिजवतात, आतून नेत्रजल, आणि आतलं पाणी तिच्यात सतत मुरत असतं. ते मुरलेलं पाणी परत बाहेर काढायचं काम सगळ्यात आतला पेशींचा एक थर करतो. त्याचं नाव एंडोथेलियम. हा थर अक्षरशः एका पेशीइतका जाड आहे.

जन्माच्या वेळी तिथे एका चौरस मिलिमीटरमध्ये तीन-चार हजार किंवा त्याहून जास्त पेशी असतात, मोठेपणी अडीच हजारांच्या आसपास. दर वर्षी अर्ध्या टक्क्याहून थोड्या जास्त पेशी आपोआप कमी होतात. माणसाच्या डोळ्यात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. एक मेली की शेजारच्या पसरून तिची जागा व्यापतात. लावणीला आलेल्या दहा जणांतले दोघं उठून गेले तर उरलेले आठ जण खाचर पुरं करतात. पण माणसं घटत घटत दोघांवर आली की चिखल तसाच पडून राहतो. एंडोथेलियमचंही असंच होतं. पेशींची संख्या पाचशेच्या आसपास घसरेपर्यंत वरून काहीच कळत नाही. त्याखाली गेली की पाणी उपसणं जमेनासं होतं, काच सुजते, तिच्यावर बारीक फोड येतात. ते फुटले की डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचतं. डॉक्टर या अवस्थेला बुलस केरॅटोपॅथी म्हणतात.

लेझरनंतर काय काय होऊ शकतं

पहिल्या दिवशीचे त्रास हलके असतात. लेझरच्या वेळी डोळ्यावर एक छोटी भिंगकाच टेकवतात. तिने वरचा थर थोडा खरचटला तर डोळा चुरचुरतो. किरणाने काचेवर पांढुरका ठिपका पडू शकतो. वरच्या थरावरचा ठिपका काही दिवसांत जातो, कारण तो थर भराभर नवा होतो. आतल्या थरावर पडलेला ठिपका जाईल, पण तिथे मेलेल्या पेशी परत येत नाहीत. आयरिसमधून थोडं रक्त येणं, एक-दोन तास दाब वाढणं, आत किंचित दाह होणं, हे सगळं डॉक्टरांना अपेक्षितच असतं, आणि म्हणूनच लेझरनंतर थोडा वेळ थांबवून दाब पुन्हा तपासतात.

एसएलटीनंतर काही डोळ्यांत आतल्या थरावर तात्पुरते बारीक डाग दिसतात आणि थोड्या काळात नाहीसे होतात. क्वचित कोणाची काच काही दिवस सुजून धुरकट होते. अगदी विरळा रुग्णांत ती बरी झाल्यावर पातळ राहते आणि चष्म्याचा नंबर बदलतो. पूर्वी डोळ्याला नागिणीच्या जातीच्या, म्हणजे हर्पिसच्या, विषाणूचा संसर्ग झालेला असेल, तर लेझरनंतर तो पुन्हा जागा झाल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून ‘आधी कधी डोळ्यावर फोड किंवा जखम झाली होती का’ या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांना नीट द्यावं.

फार पुढे गेलेल्या, दुखऱ्या डोळ्यांसाठी आणखी एक लेझर आहे. त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून नेत्रजल बनवणाऱ्या ऊतीलाच भाजतात. त्याने कॉर्नियाची संवेदना कमी होऊन न भरणारी जखम होऊ शकते. मात्र हा लेझर सहसा इतर उपाय हरल्यावरच वापरतात.

जपानमध्ये काय दिसलं

उशिरा येणारी सूज सगळ्यात ठळकपणे दिसली ती जपानमध्ये. तिथेही अरुंद कोनाचे डोळे पुष्कळ, आयरिस जाड आणि गडद, आणि अटॅक येऊ नये म्हणून आधीच छिद्र पाडून ठेवण्याची पद्धत रुळलेली. काम बराच काळ आर्गनने झालं. पुढे कॉर्नियाचे डॉक्टर चक्रावले. सुजून निकामी झालेल्या काचा घेऊन येणाऱ्यांत पूर्वी लेझर झालेले लोक वाढू लागले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत अशा काचांमागे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेखालोखाल दुसरं कारण निघालं ते लेझरचं छिद्र. जवळपास पाव हिस्सा डोळे त्यातले होते. लेझर आणि सूज यांच्यामध्ये कित्येकांत वर्षंच्या वर्षं गेलेली होती.

इतक्या वर्षांनी का? नेमकं उत्तर एकच नाही. पुढची पोकळी उथळ असल्याने किरणाचा मारा काचेच्या फार जवळ होतो. उष्णता, बुडबुडे आणि स्फोटाची लाट आतल्या थरावर आदळते. छिद्रातून नंतर नेत्रजलाची बारीक धार थेट काचेवर येत राहते, असंही काही जपानी संशोधकांनी दाखवलं. आतला सौम्य दाह रेंगाळतो. या सगळ्याने पेशींची गळती नेहमीपेक्षा वेगाने चालू राहते, आणि काठावर असलेला डोळा वयाच्या साठी-सत्तरीत कोसळतो.

पण सगळा दोष लेझरवर ढकलता येत नाही. ज्यांना आधी अटॅक येऊन गेला होता, ज्यांच्या काचेत जन्मजात दुबळेपणा होता, ज्यांना मधुमेह होता, अशांच्या पेशी आधीच घटलेल्या होत्या. सिंगापूरमध्ये अटॅक न आलेल्या अरुंद कोनाच्या लोकांच्या एकाच डोळ्याला छिद्र पाडून दोन्ही डोळे तीन वर्षं तपासले. लेझरचा डोळा आणि मोकळा डोळा यांच्या पेशींच्या संख्येत लक्षणीय फरक दिसला नाही. धडधाकट काच, कमी ऊर्जा आणि बेताचे वार असतील तर धोका फार लहान असतो. आजारी काच, गढूळ डोळा आणि भरमसाठ ऊर्जा एकत्र आली की तो वाढतो.

चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या पाहणीने दुसरा एक मुद्दा समोर आणला. कोन अरुंद आहे, पण दाब वाढलेला नाही आणि नस शाबूत आहे, अशा ८८९ लोकांच्या एका डोळ्याला लेझर करून दुसरा तसाच ठेवला आणि सहा वर्षं लक्ष ठेवलं. २०१९ साली निष्कर्ष आले. लेझरने पुढचे त्रास जवळपास निम्म्यावर आले, पण मुळात लेझर न केलेल्या डोळ्यांतही ते फार थोड्यांना झाले. म्हणून निव्वळ कोन अरुंद दिसला की प्रत्येकाला छिद्र पाडावं, असं आता मानत नाहीत. मात्र अटॅक आलेला डोळा, त्याच माणसाचा दुसरा डोळा, दाब वाढलेला किंवा नस सुकू लागलेला डोळा, यांना ते लागतंच. नियमित तपासणीला येणं ज्याला जमणारच नाही, त्याच्यासाठीही डॉक्टर लेझरकडे झुकतात. डोळखांब किंवा टोकावडे भागातल्या पाड्यावर राहणारा माणूस बहुधा याच गटात बसतो.

डॉक्टर काच कशी जपतात

अटॅक चालू असताना काच धुरकट असते. अशा काचेतून लेझर मारला तर बरीच ऊर्जा तिथेच अडकून काच भाजू शकते. म्हणून आधी शिरेतून औषध, गोळ्या आणि थेंब देऊन दाब उतरवतात, काच निवळू देतात, मग छिद्र. ‘आजच्या आज लेझर का करत नाहीत’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात ठेवावं.

लेझरच्या आधी पायलोकार्पिनचे थेंब घालतात. त्याने बाहुली आकुंचते, आयरिस ताणली जाऊन पातळ होते आणि कमी वारांत छिद्र पडतं. डोळ्यावर टेकवलेली खास भिंगकाच किरण आयरिसवर एकवटते आणि कॉर्नियावर मात्र तो पसरट ठेवते. आपल्याकडच्या गडद तपकिरी आयरिसला निळ्या-घाऱ्या डोळ्यांपेक्षा जास्त ऊर्जा लागते; म्हणून अनुभवी डॉक्टर आयरिसमधला पातळ खळगा शोधून तिथे नेम धरतात. एका बैठकीत जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुरं करतात. मोतीबिंदूही असेल तर कधी छिद्राऐवजी भिंगच काढून कृत्रिम भिंग बसवणं जास्त फायद्याचं ठरतं. जाड भिंग गेलं की कोन आपोआप मोकळा होतो.

कॉर्नियाच्या पेशी मोजणारं यंत्र मोठ्या रुग्णालयांत असतं. अटॅक आलेला असेल, घरात कोणाची काच निकामी झालेली असेल किंवा तपासणीत काच दुबळी वाटली असेल, तर लेझरआधी ही मोजणी करून घेणं चांगलं. पेशी कमी असतील तर दाबाच्या औषधांतलं डॉर्झोलामाइडही जपून वापरावं लागतं, कारण त्याचा परिणाम याच पेशींच्या पाणी उपसण्यावर होतो.

काचेच्या जाडीचाही हिशेब महत्त्वाचा. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात साडेचार हजारांहून अधिक गावकऱ्यांचे डोळे तपासले गेले. त्यात कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन निघाली. युरोपीय डोळ्यांपेक्षा ती कमी आहे. पातळ काचेवर दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो. काचेच्या वरच्या थराला सूज असली तरीही आकडा कमी येऊ शकतो. म्हणजे लेझरनंतर काच सुजली आणि यंत्राने ‘दाब उत्तम’ सांगितलं, तर त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

दीडशे रुपयांची बाटली आणि शंभर किलोमीटर

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. पहिली तपासणी, दाब मोजणं आणि पुढे पाठवणं हे तालुक्याला होऊ शकतं. लेझर आणि कॉर्नियाच्या तज्ज्ञासाठी मात्र बहुतेकांना कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. भातसा आणि तानसाचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्यातला रुग्ण आसनगावला लोकल पकडून भायखळ्याच्या जे. जे., परळच्या केईएम किंवा शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाकडे निघतो. मुरबाडला तर रेल्वेही नाही. धसईहून आधी मुरबाड, मग एसटीने कल्याण. सोबत एक माणूस हवा, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली.

लेझरचा दिवस कसाबसा गाठला जातो. बुडतात त्या नंतरच्या फेऱ्या. आषाढात लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी, आणि त्यानंतर कितीतरी आदिवासी कुटुंबं पावसाळ्यापर्यंत वीटभट्ट्यांवर. दुखत नाही, दिसतंय, मग कशाला जायचं? नेमका याच शांत काळात दाब पुन्हा चढू शकतो, छिद्र बुजू शकतं आणि काचेच्या पेशी गळत राहू शकतात.

समजा, किन्हवलीकडच्या एका आजींना सात वर्षांपूर्वी छिद्राचा लेझर झाला होता. आता त्यांना पहाटे उठल्यावर सगळं धुरात बुडाल्यासारखं दिसतं, दुपार झाली की बरं वाटतं. घरचे म्हणतात मोतीबिंदू पिकलाय, शिबिरात नाव देऊ. पण सकाळी जास्त धूसर आणि दुपारी कमी, ही मोतीबिंदूची रीत नाही. रात्रभर पापण्या मिटलेल्या असल्याने काचेतलं पाणी सुकत नाही आणि सकाळी सूज जास्त असते; डोळे उघडे राहिले की पाणी उडून काच थोडी निवळते. शिबिरात त्यांनी जुना लेझर सांगितला नाही, पेशी मोजल्या गेल्या नाहीत आणि तशीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तर काठावर असलेली काच पुरती कोलमडू शकते. सांगितला, तर डॉक्टर आधी काच तपासतील, शस्त्रक्रियेची पद्धत बदलतील किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवतील. एका वाक्याने एवढा फरक पडतो.

दुसरा धोका घरातल्या फळीवर असतो. लेझरनंतर दाह कमी करायला काही दिवस स्टेरॉइडचे थेंब देतात. ते संपले की बाटली टाकून द्यायची असते. पण दीडशे रुपयांची बाटली टाकवत नाही. महिन्यांनी डोळा लाल झाला की तीच घातली जाते, शेजाऱ्यालाही दिली जाते. स्टेरॉइडने काहींचा दाब चढतो, म्हणजे ज्यासाठी लेझर केला तेच पुन्हा ओढवतं. शिवाय भाताचं पातं किंवा गवताची काडी डोळ्यात लागून बुरशीची लागण झालेली असेल, तर स्टेरॉइडने ती बेफाम पसरते, डोळ्यात फूल पडतं, कधी काचच फुटते. मध, झाडपाल्याचा रस किंवा दूध डोळ्यात घालण्याचंही तेच. लेझर झालेल्या डोळ्यात डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय एकही थेंब घालू नये.

काच गेलीच तर

सूज सुरुवातीची असेल तर पाच टक्के मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब काचेतलं पाणी ओढून घेतात आणि सकाळचा धूसरपणा कमी होतो. हे थेंब औषधाच्या दुकानातलेच हवेत. घरी मीठ विरघळवून करायचे नाहीत. फोड टोचत असतील तर मऊ भिंगाची पट्टी लावतात. पेशी फारच घटल्या असतील तर उपाय एकच उरतो, दान केलेल्या डोळ्यातल्या पेशी बसवणं.

पूर्वी यासाठी सगळी काच बदलत आणि गोल टाके घालत. आता आजारी असलेला फक्त आतला थर काढून दात्याच्या काचेचा तेवढाच पातळ थर आत सरकवतात आणि हवेच्या बुडबुड्याने चिकटवतात. रुग्णाला काही वेळ उताणं निजवतात, म्हणजे बुडबुडा थराला वर दाबून धरतो. नजर लवकर सुधारते, टाके जवळपास लागत नाहीत. पण काचबिंदूच्या डोळ्यात असा थर इतर डोळ्यांपेक्षा कमी टिकतो, आणि त्यानंतर तपासण्या जन्मभर लागतात. त्यातून नस आधीच सुकली असेल, तर नवी काच लावूनही नजर तेवढीच मिळते जेवढी नसेत उरली होती.

हा थर येतो मृत्यूनंतर केलेल्या नेत्रदानातून. डोळे सहसा सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवावं. चष्मा असलेले, मधुमेह असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले लोकही नेत्रदान करू शकतात. गाव दूर असेल तर नेत्रपेढीचा नंबर घरात आधीच लिहून ठेवलेला बरा. दुःखाच्या घडीला तो शोधत बसायला वेळ नसतो.

वाचकांना एवढंच

लेझरला घाबरून नकार देऊ नका. दक्षिण भारतातल्या मोठ्या पाहण्यांत काचबिंदूच्या दहापैकी नऊ रुग्णांना आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नव्हतं. ज्याला कळलं आणि ज्याला लेझर मिळाला, तो त्या मानाने नशीबवान. कॉर्नियाच्या भीतीने गरजेचा लेझर टाळला तर नजर कायमची जाण्याचा धोका मोठा आहे. लेझरने होणारं कॉर्नियाचं मोठं नुकसान विरळ आहे आणि त्यावर इलाज आहे.

लेझरआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: कोन उघडा की बंद, लेझर छिद्राचा की जाळीचा, माझी काच कशी आहे, आणि पुढची तपासणी कधी. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. लेझरचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून शिधापत्रिकेसोबत ठेवा, आणि त्यावर कोणत्या डोळ्याला, कोणता लेझर, कोणत्या तारखेला, हे लिहून घ्या. वर्षातून किमान एकदा तपासणीला जा, आणि पुढे डोळ्याची कोणतीही शस्त्रक्रिया करायची असेल तर सगळ्यात आधी तो कागद दाखवा. सकाळी धूसर आणि दुपारी बरं असं दिसू लागलं, किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर पुढच्या शिबिराची वाट पाहू नका. घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या बहीण-भावांचे आणि मुलांचे डोळेही तपासून घ्या, कारण काचबिंदू आणि अरुंद कोन दोन्ही घराण्यात चालतात.